कोकणातल्या घराच्या अंगणासाठी दिव्यांची आखणी

कोकणात जुने घर दुरुस्तीला काढले की छप्पर, फरशी, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांचा विचार महिनोन्‌महिने चालतो. अंगणातल्या दिव्यांचा विचार मात्र वायरमन शेवटचा हिशेब करायला येतो त्या दिवशी दहा मिनिटांत उरकला जातो. त्याचे फळ बहुतेक वाड्यांमध्ये सारखेच दिसते. पडवीच्या वाशाला ५० वॅटचा एक पांढराशुभ्र फ्लडलाइट ठोकलेला असतो. त्याच्यामुळे येणाऱ्या पाहुण्याला डोळ्यांवर हात धरावा लागतो, वृंदावनाची सावली नेमकी चालायच्या वाटेवर पडते आणि गडग्यापलीकडचा अंधार होता त्याहून दाट वाटू लागतो. आमच्या घरीही कित्येक वर्षे असाच दिवा होता. तो काढून अंगणाची नव्याने आखणी केली, तेव्हा सगळे मिळून २२ वॅट पुरले आणि पायऱ्या पहिल्यांदा नीट दिसू लागल्या. ती आखणी कोणत्या क्रमाने करावी, हे पुढे सविस्तर दिले आहे.

अंधारात फिरून नकाशा काढणे

सुरुवात दुकानात करू नये, अंगणात करावी. आणि तीही अमावास्येच्या जवळपासच्या रात्री, घरातले सगळे दिवे मालवून. घरातल्या माणसांनी रोजच्या वाटांनी एकदा चालून पाहावे: फाटकापासून ओटीपर्यंत, पडवीपासून विहिरीपर्यंत, मागच्या दारापासून न्हाणीघराकडे किंवा गोठ्याकडे. पाऊल जिथे आपोआप मंदावते, हात आधार शोधतो किंवा कडी चाचपडावी लागते, ती जागा खडूने खूण करून ठेवावी. घरात वयस्कर माणूस असेल तर त्याच्या खुणा अंतिम मानाव्यात, कारण उतारवयात डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि तरुण माणसाला पुरणारा उजेड त्याला पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी चौकटीच्या कागदावर अंगणाचा नकाशा मापाने काढावा. त्यात पायऱ्यांची संख्या, वळणे, झाडे, वृंदावन, पाण्याचा नळ, पागोळ्या पडतात ती रेषा आणि पावसात पाणी तुंबते ती जागा दाखवावी. शेवटच्या दोन गोष्टी लोक हमखास विसरतात आणि पहिल्याच आषाढात त्याची किंमत मोजतात. नारळाच्या माडांची जागाही नकाशावर हवीच. माडाखाली बसवलेला दिवा आणि माडाखालून ताणलेली वायर झावळी किंवा नारळ पडून केव्हा तरी तुटणारच.

उजेड किती लागतो

उजेड लक्स या एककात मोजतात आणि दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन प्रकाश सारखा पसरला तर तो एक लक्स होतो. निरभ्र रात्रीच्या पूर्ण चंद्राचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो आणि तेवढ्यातही सवयीची वाट दिसते. अंगणात वावरायला ५ ते १० लक्स भरपूर होतात, पायऱ्यांवर २० लक्सच्या आसपास असावेत आणि पडवीत बसून जेवायचे किंवा भाजी निवडायची असेल तर तिथे ५० ते १०० लक्स ठेवावेत.

आता हिशेब करून पाहू. १५ फूट रुंद आणि २० फूट लांब अंगण म्हणजे ३०० चौरस फूट, साधारण २८ चौरस मीटर. तिथे १० लक्स हवे असतील तर जमिनीवर २८० ल्युमेन पोहोचायला हवेत. निम्मा प्रकाश इकडेतिकडे वाया जातो असे धरले तरी दिव्यांतून ५६० ल्युमेन बाहेर पडले की काम झाले. बाजारातला ९ वॅटचा साधा एलईडी बल्ब ८०० ल्युमेनच्या पुढेच देतो. याचा अर्थ संपूर्ण अंगणाला ६ ते ७ वॅट पुरेसे आहेत. प्रश्न ते एका ठिकाणी ओतण्याचा नसून तीन-चार ठिकाणी वाटण्याचा आहे.

या हिशेबात जमिनीचा रंग मात्र धरावा. सिमेंटचा फिकट कोबा पडलेल्या प्रकाशातला बराचसा परत देतो. जांभ्याचे चिरे, काळी कडाप्पा फरशी किंवा शेणाने सारवलेली जमीन तो गिळून टाकते, म्हणून अशा अंगणात हिशेबापेक्षा दीडपट प्रकाश धरणे योग्य ठरते. उलट, चुन्याने रंगवलेली भिंत असेल तर तिच्यावर हलका प्रकाश टाकून तिच्याकडून परत आलेल्या उजेडात अंगण उजळता येते. सर्वांत मऊ आणि डोळ्यांना न टोचणारा उजेड याच रीतीने मिळतो.

दिवा कुठे बसवावा

उजेड दिसावा, पण दिव्याचा बल्ब डोळ्यांना दिसू नये, हे एकच सूत्र सगळीकडे लावून पाहावे. डोळा समोरच्या सर्वांत तेजस्वी वस्तूशी जुळवून घेतो. ती वस्तू उघडा बल्ब असेल तर त्याच्या आसपासचे सारे काळे पडते. म्हणूनच मोठ्या फ्लडलाइटने सुरक्षितता वाढल्यासारखी वाटते, पण त्याच्या मागे आणि त्याच्या सावलीत कोण उभे आहे ते दिसत नाही.

पायऱ्यांना सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण अंगणातली पडझड तिथेच होते. पडवीतला दिवा आपल्या पाठीमागे असतो, त्यामुळे उतरताना आपलीच सावली पुढच्या पायरीवर पडते आणि नेमकी जी कड दिसायला हवी तीच झाकली जाते. या दिव्याचे वॅट वाढवले तर सावली आणखी गडद होते. उपाय असा की पायऱ्यांना बाजूच्या कठड्यातून, पायरीपासून सुमारे सहा ते आठ इंच उंचीवर, एक-दोन वॅटचे छोटे दिवे द्यावेत आणि त्यांचा प्रकाश आडवा, पायरीवर सरपटत जाईल असा ठेवावा. प्रत्येक पायरीला दिवा लागत नाही. एक सोडून एक पुरतो, मात्र पहिली आणि शेवटची पायरी कधीही सोडू नये.

कठडा जांभ्याचा असेल तर एक काळजी घ्यावी लागते. जांभा कापायला सोपा, पण सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. त्यात खाच करून बसवलेल्या डब्याला समोरून पाणी लागत नसले तरी पाठीमागून ओल येते. खाचेला आतून जलरोधक गिलावा करावा, तिच्या तळाला बाहेरच्या बाजूला उतार देऊन पाणी निघून जायला छोटे भोक ठेवावे आणि मगच डबा बसवावा.

वाटेवरचे बुटके खांब गुडघ्याच्या उंचीचे आणि वर टोपी असलेले घ्यावेत, म्हणजे प्रकाश खालीच राहतो. ते वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावले की धावपट्टीसारखे दिसते; एका आड एक बाजूला, आठ-दहा फुटांवर लावावेत. फाटकावर कडी आणि येणाऱ्याचा चेहरा दिसेल इतकाच दिवा पुरतो. वृंदावनावर तर दिवा रोखूच नये. तिन्हीसांजेला तिथे लावलेली पणती विजेच्या झोतात पार पुसली जाते. वृंदावनाच्या मागच्या झाडावर किंवा भिंतीवर थोडा उजेड टाकला तर ज्योतही दिसते आणि वृंदावनाचा आकारही.

नकाशावर जागा ठरल्या की खरेदीआधी एक रात्र प्रयोगाला द्यावी. चार-पाच बॅटऱ्या, त्यांच्यावर बटरपेपर आणि टेकायला विटा एवढे साहित्य पुरते. ठरवलेल्या जागी बॅटऱ्या ठेवून घरातल्या सर्वांनी पुन्हा त्याच वाटांनी चालावे. आमच्या आखणीतल्या दोन जागा त्या रात्रीच रद्द झाल्या, कारण त्यांचा झोत थेट माजघराच्या खिडकीतून आत जात होता.

उजेडाचा रंग आणि किडे

दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उबदार उजेड आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा. गावच्या दुकानात न मागता मिळतो तो बहुधा ६५०० चा. अंगणासाठी आग्रहाने २७०० किंवा ३००० चाच मागावा. किड्यांना निळा आणि अतिनील प्रकाश अधिक ओढतो, त्यामुळे पिवळ्या दिव्याभोवती पावसाळ्यातली पाखरे तुलनेने कमी जमतात, जरी पूर्णपणे टळत नाहीत. हा केवळ स्वच्छतेचा मुद्दा नाही. किड्यांमागे पाली आणि बेडूक येतात आणि त्यांच्या मागावर साप येऊ शकतो. मण्यार रात्रीच हिंडते आणि फुरसे रत्नागिरी-सिंधुदुर्गात अपरिचित नाही. तेव्हा दारावरचा दिवा उंबरठ्याच्या बरोबर वर न ठेवता चार-पाच फूट बाजूला ठेवावा, म्हणजे किडे दारात जमत नाहीत आणि उंबरठ्याबाहेरची जमीन मात्र दिसते.

विजेची मांडणी

हा भाग परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावा; परंतु काय मागायचे हे घरमालकाला ठाऊक असले पाहिजे, कारण ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला २३० व्होल्टचा धक्का घरातल्या कोरड्या फरशीवरच्या धक्क्यापेक्षा फार घातक ठरतो.

पहिली मागणी, अंगणाचे सर्किट घरापासून वेगळे असावे. त्याला मुख्य बोर्डावर स्वतंत्र ६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी द्यावा. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. त्यांत ३० मिलिअँपिअरपर्यंत फरक पडला, म्हणजे वीज माणसातून किंवा ओलीतून जमिनीत जाऊ लागली, की सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. एमसीबी हे काम करत नाही. तो फक्त जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो. स्वतंत्र आरसीसीबी मागण्याचे व्यावहारिक कारण असे की पावसाळ्यात अंगणातल्या एखाद्या डब्यात ओल शिरली आणि घराला एकच आरसीसीबी असला, तर मध्यरात्री फ्रिज आणि पंख्यासकट सगळे घर बंद पडते. मग कोणीतरी वैतागून आरसीसीबीच काढून टाकतो, आणि ही चूक जिवावर बेतू शकते.

दुसरी मागणी, या सर्किटची न्यूट्रल स्वतंत्र असावी. जवळच्या बोर्डावरून न्यूट्रल उसनी घेण्याची सवय अनेक कारागिरांना असते. तसे केले की आरसीसीबीचा हिशेब चुकतो आणि तो विनाकारण पडत राहतो.

तिसरी मागणी अर्थिंगची. धातूच्या प्रत्येक दिव्याला हिरवी तार जोडलेली असावी. अर्थिंगचा खड्डा तपासायचा तो मे महिन्यात, कारण जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की तिचा विद्युतरोध वाढतो. पावसात चांगले आलेले मोजमाप उन्हाळ्यात टिकेलच असे नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, म्हणून मुख्य बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारे उपकरण, बसवणे पैसे वाचवणारे ठरते. एलईडीचे ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज पुरवणारे छोटे सर्किट, अशा झटक्यांनीच जास्त जळतात.

केबलचा मार्ग

जमिनीखालून न्यायची केबल आर्मर्ड, म्हणजे धातूचे कवच असलेली, असावी. नुसत्या पीव्हीसी नळीतून नेलेली साधी वायर घुशी कुरतडतात आणि कुदळीचा घाव सोसत नाही. चर किमान दीड फूट खोल खणावा, गाडी जाते तिथे दोन फूट. तळाला वाळू, वर केबल, पुन्हा वाळू, त्यावर विटांचा थर आणि मग माती. वरच्या थरात लाल इशाऱ्याची पट्टी टाकली तर पुढे कधी खणणारा सावध होतो. कातळावरच्या घराला चर खणणे परवडत नाही; तिथे गडग्याच्या कडेने जाड पाइप क्लिप करून न्यावा, पण तो गडग्याच्या माथ्यावरून न नेता घराकडच्या बाजूने, जमिनीपासून वीतभर वर न्यावा.

जमिनीखाली जोड देऊ नये. जोड द्यायचा तो जमिनीच्या वर, जलरोधक डब्यात, केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथली घट्ट बसणारी चकती-नळी) घट्ट आवळून; आणि केबल डब्यात नेहमी खालून शिरवावी. केबल आत जाण्यापूर्वी तिला खाली लोंबता वळसा द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी वळशाच्या टोकाशी ठिबकून जाते. ही साधी युक्ती महागड्या सीलपेक्षा अधिक उपयोगी पडलेली मी पाहिली आहे.

पायऱ्यांवरचे आणि वाटेवरचे दिवे १२ किंवा २४ व्होल्टचे घेता आले तर उत्तम, कारण मुले आणि गुरे वावरतात तिथे उघड्या हाताच्या उंचीवर २३० व्होल्ट राहत नाहीत. त्यांचा पुरवठा विलग प्रकारच्या (ज्याची बाहेर येणारी वीज २३० व्होल्टच्या बाजूला जोडलेली नसते अशा) ड्रायव्हरमधून, पडवीच्या आत कोरड्या जागी ठेवून द्यावा. इथे व्होल्टेज घसरण्याचा हिशेब करावाच लागतो. समजा एकूण भार २४ वॅट आहे आणि सगळे दिवे २० मीटरवर आहेत. १२ व्होल्टला प्रवाह २ अँपिअर होतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. जाऊन-येऊन ४० मीटर तारेचा रोध साधारण ०.४८ ओहम आणि घसरण जवळजवळ १ व्होल्ट, म्हणजे आठ टक्के. शेवटचे दिवे मंद पडायला एवढे पुरेसे आहे. तोच भार २४ व्होल्टवर घेतला तर प्रवाह १ अँपिअर, घसरण अर्धा व्होल्ट, म्हणजे दोन टक्के. यावरून १०-१२ मीटरपुढे २४ व्होल्ट घ्यावेत किंवा तार अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी, असे मी सुचवेन.

दिव्याची निवड

दिव्यावर आयपी आणि पुढे दोन आकडे छापलेले असतात. पहिला धूळ आणि किड्यांपासूनचे संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचे. छपराखालच्या पडवीत आयपी ४४ चालतो, कारण तो उडालेले पाणी झेलतो. उघड्या अंगणात आयपी ६५ च्या खाली जाऊ नये; तो कोणत्याही दिशेने येणारा पाण्याचा फवारा सहन करतो, आणि कोकणातला वाऱ्यासह येणारा पाऊस फवाऱ्याहून वेगळा नसतो. जमिनीत पुरायचा दिवा आयपी ६७ चा हवा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा. तरीही पाणी दिवसभर तुंबते अशा जागी जमिनीतला दिवा लावूच नये. असा दिवा तापतो, पावसाने एकदम गार होतो आणि आतली हवा आकसून केबलच्या तारांमधून ओलसर हवा आत ओढतो. आमच्या अंगणात सुरुवातीला बसवलेल्या अशा तीन दिव्यांपैकी दोनांच्या काचेत पहिल्याच श्रावणात पाणी साचले होते. जोड जेलने भरल्यावर ही तक्रार थांबली, पण आता बसवायचे असते तर मी ते कठड्यातच बसवले असते.

समुद्राजवळच्या घरांत खारी हवा धातू खाते. पत्र्याचे दिवे दोन-तीन वर्षांत गंजतात. पितळ, चांगल्या पावडर कोटिंगचे ॲल्युमिनियम किंवा ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. ३०४ प्रतीवरही खाऱ्या हवेत तपकिरी डाग पडतात. दिवा चांगला आणि स्क्रू साधे लोखंडी, असा प्रकार सर्रास आढळतो, म्हणून स्क्रू वेगळे तपासून घ्यावेत आणि बसवताना त्यांना थोडे ग्रीस लावावे. बल्ब आणि ड्रायव्हरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी खूण पाहावी.

सौर दिव्यांचा मोह स्वाभाविक आहे, आणि जिथे केबल पोहोचत नाही तिथे ते उपयोगी पडतात. परंतु जून ते सप्टेंबर या काळात, जेव्हा उजेडाची गरज सर्वाधिक असते, तेव्हाच ते दोन-तीन तासांत विझतात. पायऱ्या आणि मुख्य वाट त्यांच्यावर सोपवू नये.

बटणे, टायमर आणि सेन्सर

अंगणाचे दिवे किमान तीन गटांत विभागावेत: रोज लागणारी वाट आणि पायऱ्या, बसायची जागा, आणि क्वचित लागणारा मोठा उजेड. वाटेच्या गटाला दोन ठिकाणी बटणे द्यावीत, एक ओटीवर आणि दुसरे झोपायच्या खोलीत. रात्री बाहेर खुट्ट झाले तर दार न उघडता अंगण पाहता येते.

साध्या घड्याळी टायमरची अडचण अशी की आपल्याकडे सूर्यास्त थंडीच्या सुरुवातीला सहाच्या आसपास आणि जून-जुलैत सव्वासातच्या आसपास होतो, त्यामुळे वेळ वर्षातून अनेकदा बदलावी लागते. सूर्यास्ताची वेळ स्वतः धरणारा टायमर थोडा महाग असला तरी घेण्याजोगा आहे. हालचालीवर लागणारा सेन्सर सात-आठ फुटांवर आणि वाटेला आडवा बसवावा, कारण समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवे जाणारे माणूस तो लवकर टिपतो. तो शरीराची उष्णता आणि भोवतालचे तापमान यांतला फरक ओळखत असल्याने उकाड्याच्या रात्री थोडा मंदावतो, म्हणून पायऱ्या फक्त सेन्सरच्या भरवशावर ठेवू नयेत.

सणावारांची सोय

अंगण हे वर्षातून काही दिवस मांडव असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत खिडकीतून ओढलेल्या वायरी आणि चिकटपट्टीचे जोड दिसतात. आखणी करतानाच पडवीच्या कडेला, वाशाच्या उंचीवर, आकाशकंदिलासाठी झाकणाचा एक सॉकेट द्यावा आणि त्याचे बटण खाली घ्यावे. वृंदावनाजवळ तुळशीच्या लग्नासाठी दुसरा, आणि शिमग्यात पालखी अंगणात येते किंवा घरी कार्य निघते त्यासाठी मांडवाच्या खांबाशी १६ अँपिअरचा तिसरा. हा तिसरा सॉकेट दिव्यांच्या सर्किटवर न घेता वेगळ्या एमसीबीवर, जाड तारेने, पण आरसीसीबीच्या संरक्षणाखालीच घ्यावा.

अंधार राखून ठेवण्याच्या जागा

प्रत्येक कोपरा उजळायचा नसतो. मे अखेरीस आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर झाडांवर काजवे चमकतात. नर आणि मादी एकमेकांना त्या चमकेनेच शोधतात आणि जवळच दिवा असला की त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. त्या दोन-तीन आठवड्यांत परसातले दिवे बंद ठेवता येतील असे त्यांचे बटण स्वतंत्र असावे. वेळास, आंजर्ले किंवा गुहागर यांसारख्या किनाऱ्यांलगत घर असेल तर जबाबदारी आणखी मोठी आहे. तिथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि बाहेर आलेली पिल्ले उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे, धावतात. पुळणीवरून दिसणारा घराचा दिवा त्यांना उलट दिशेला ओढतो. समुद्राच्या बाजूला दिवा लागतच असेल तर तो खाली रोखलेला, आडोशाचा, पिवळा किंवा अंबर रंगाचा असावा आणि विणीच्या काळात रात्री मालवावा.

काम पुरे करताना आणि नंतर

चर बुजवण्यापूर्वी केबलच्या मार्गाचे फोटो मोजपट्टी ठेवून काढावेत आणि भिंतीपासूनची अंतरे नकाशावर लिहून तो नकाशा मुख्य बोर्डाच्या दाराला आतून चिकटवावा. झाडावर दिवा बांधलाच असेल तर बुंध्याला तार आवळून बांधू नये, आणि बुंधा वाढेल तसा पट्टा दरवर्षी सैल करावा. कंत्राटदार जाण्यापूर्वी त्याच्यासमोर आरसीसीबीचे चाचणी बटण दाबून पाहावे आणि पुढे महिन्यातून एकदा ते दाबत राहावे. अडकलेला आरसीसीबी वरून पाहून ओळखू येत नाही.

दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाळ्याआधी, पुरवठा बंद करून सगळे डबे उघडावेत. आत मुंग्यांची माती, गांधीलमाशीचे पोळे किंवा वाळलेली पाल हमखास सापडते. ती साफ करून रबरी गॅस्केट चिरले आहे का ते पाहावे, ग्लँड पुन्हा आवळावेत, काचा पुसाव्यात आणि वाढलेल्या फांद्या छाटाव्यात. हेच काम नवरात्राच्या आधी पुन्हा एकदा केले की दिवाळीला कंदील लावताना शिडीवर चढलेल्या माणसाच्या हाताखालचा सॉकेट कोरडा आणि सुरक्षित असतो.